उघड्यावरच्या संगीत कार्यक्रमात अशरचं काम : पहिल्या शिफ्टच्या आधी

उन्हाळ्यात मैदानावर किंवा खुल्या रंगमंचावर मोठे संगीत कार्यक्रम होतात तेव्हा बरीच जादा माणसं लागतात. त्यातलं सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना बहुतेकदा मिळणारं काम म्हणजे अशरचं. तिकीट बघायचं, माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत न्यायचं, कार्यक्रम चालू असताना आपला ब्लॉक, म्हणजे आपल्याकडे दिलेला खुर्च्यांचा भाग, सांभाळायचा आणि शेवटी सगळ्यांना धड बाहेर काढायचं. ऐकायला सोपं वाटतं, आणि बराच वेळ ते सोपं असतंही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी पक्की करून घ्या. अशर आधी वाटा सांभाळतो, खुर्च्या त्यानंतर. कुणी चुकीच्या खुर्चीवर बसलं तर पाच मिनिटांची वादावादी होते. मधल्या वाटेत दहा जण उभे राहिले तर चक्कर आलेल्या माणसापर्यंत स्ट्रेचर पोचत नाही. पुढे जे काही सांगितलं आहे ते बहुतेक सगळं वाट मोकळी ठेवण्यासाठीच आहे.

हो म्हणण्याआधी विचारायच्या गोष्टी

अठरा वर्षांखालच्यांनी किती तास आणि रात्री किती वाजेपर्यंत काम करायचं याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार १४-१५ वर्षांच्या मुलांना उन्हाळ्यातही रात्री ९ नंतर कामावर ठेवता येत नाही. संध्याकाळचा कार्यक्रम तर तेव्हा कुठे रंगात आलेला असतो. तेव्हा तुमच्या भागातला नियम आधी बघा. आईवडिलांचं संमतीपत्र लागतं का, वयाचा कुठला दाखला लागतो, हेही विचारून घ्या.

मग शिफ्टबद्दल विचारा. 'कार्यक्रम साडेदहाला संपतो' म्हणजे तुम्ही साडेदहाला सुटता असं नाही. मैदान रिकामं होणं, ओळी तपासणं, सामान परत करणं यात आणखी पाऊण ते एक तास जातो. सुट्टी किती मिनिटांची आणि कुठे बसून घ्यायची, पिण्याचं पाणी कुठे, पावसामुळे कार्यक्रम मध्येच थांबला तर पैसे किती तासांचे मिळणार, या प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली तर उत्तम. आणि सुटल्यावर घरी कसं जाणार ते त्या रात्री नाही, कामाला हो म्हणतानाच ठरवा. शेवटची बस चुकलेला अशर आणि रिकामं होत जाणारं पार्किंग ही जोडी कुणालाच नको.

काही कामं तुमची नाहीत. लोकांच्या बॅगा तपासणं, अंगझडती घेणं, दारू देणं किंवा दारूसाठी वय तपासणं, भांडणात मध्ये पडणं, लोखंडी बॅरिकेड उचलून हलवणं यांपैकी काहीही करायला सांगितलं तर 'हे मला करायची परवानगी नाही, सुपरवायझरना विचारतो' एवढं सरळ सांगा. त्यात उद्धटपणा काही नाही.

सोबत काय असावं

बूट सर्वांत महत्त्वाचे. पुढून बंद, तळ न घसरणारा आणि आधी निदान आठवडाभर वापरलेला जोड. नवे कोरे बूट घालून सहा-सात तास उतारावर वरखाली केलं की टाचेला फोड येतो आणि शेवटचे दोन तास माणूस लंगडतो. मोज्यांचा एक जादा जोड जवळ ठेवा. पाऊस पडला तर उपयोगी येतोच, आणि न पडला तरी मधल्या सुट्टीत मोजे बदलले की पाय पुन्हा ताजे होतात.

याशिवाय एक लिटरची पाण्याची बाटली, टोपी, सनस्क्रीन, इअरप्लगचे दोन जोड, छोटी बॅटरी, पेन, खिशात मावणारी वही, हातावर घड्याळ. बॅटरी फोनची नको, वेगळी असावी. अंधारात फोन हातात घेतलेला अशर कामात आहे की मेसेज बघतोय हे लांबून कळत नाही, शिवाय रात्र संपेपर्यंत फोनचं चार्जिंग शिल्लक राहायला हवं. पावसासाठी छत्री नको, अंगावर चढवायचा रेनकोट घ्या. छत्री मागच्यांच्या आड येते आणि तुमचा एक हात अडकवते.

गेट उघडण्याआधीचा तास

सुपरवायझर आधी सगळ्यांना एकत्र बोलावून सूचना देतात. त्यातल्या पाच गोष्टी वहीत उतरवून घ्या : गेट किती वाजता उघडणार, कार्यक्रम किती वाजता सुरू होणार, मध्यंतर आहे का, उशिरा आलेल्यांना कधी आत सोडायचं, आणि आणीबाणीचे संकेतशब्द कोणते. संकेतशब्द प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. एका जागेचे दुसऱ्या जागी वापरले तर गोंधळच व्हायचा.

मग आपला ब्लॉक पायाखाली घाला. नकाशा बघून भागत नाही. प्रेक्षक जिथून आत येणार त्या टोकापासून सुरुवात करा आणि त्याच्याच नजरेने बघत चला. ओळींची अक्षरं कुठे लिहिली आहेत, खुर्चीच्या पाठीला की जमिनीवर? अंधारात ती दिसतील का? कुठली खुर्ची मोडली आहे, कुठल्या ओळीत पाणी साचलं आहे, कुठे केबल वाटेला आडवी गेली आहे आणि तिच्यावरचं झाकण नीट बसलं आहे का? पायऱ्यांच्या कडेची पांढरी किंवा पिवळी पट्टी कुठे निघाली आहे? अशी पायरी दिसली तर लगेच कळवा. दिवसा तिथे कुणी अडखळत नाही, रात्री मात्र प्रत्येक तिसरा माणूस तिथेच चुकतो.

आणखी सहा ठिकाणं प्रत्यक्ष चालत जाऊन बघून या : तुमच्या ब्लॉकमधून बाहेर पडायचे दोन वेगवेगळे रस्ते, प्रथमोपचाराची जागा, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, व्हीलचेअरची जागा आणि तिथे जाणारा बिनपायऱ्यांचा रस्ता. प्रत्येकाला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. संध्याकाळभर तुम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न 'माझी खुर्ची कुठे' हा नसतो, 'टॉयलेट कुठे' हा असतो. तेव्हा ते उत्तर बोट न दाखवता, शब्दांत देता आलं पाहिजे : 'या पायऱ्या वर चढा, डावीकडे वळा, पाण्याच्या नळांच्या मागे.'

तिकीट वाचायचा क्रम

तिकिटावर बरंच काही छापलेलं असतं, आणि घाईत नजर थेट खुर्चीच्या आकड्यावर जाते. बहुतेक चुका तिथेच होतात. क्रम कायम हाच ठेवा : तारीख, ब्लॉक, ओळ, खुर्ची. तारीख आधी अशासाठी की सलग दोन-तीन दिवस कार्यक्रम असले की उद्याचं तिकीट घेऊन आज आलेला माणूस सापडतोच. गेटवरचा स्कॅनर त्याला अडवतो, पण गर्दीत एखादा सुटतो.

ओळींना इंग्रजी अक्षरं असतील तर बऱ्याच ठिकाणी 'आय' आणि 'ओ' ही अक्षरं गाळलेली असतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे 'एच'नंतर थेट 'जे' येते. मोजत गेलात तर एका ओळीची चूक होते. 'झेड' संपल्यावर बहुधा 'एए', 'बीबी' अशा ओळी सुरू होतात, आणि 'बी' ओळीचा माणूस 'बीबी'त जाऊन बसणं किंवा त्याच्या उलट, हा घोळ रोजचा आहे. खुर्च्यांचे आकडे कुठल्या बाजूने सुरू होतात तेही बघून ठेवा. काही मैदानांत एका बाजूला सम आकडे, दुसऱ्या बाजूला विषम. काही ठिकाणी प्रत्येक ब्लॉकमध्ये पुन्हा एकपासून सुरुवात. अशा ठिकाणी एका ब्लॉकची शेवटची खुर्ची आणि पुढच्या ब्लॉकची पहिली खुर्ची यांच्यात फक्त एक वाट असते, आणि लोक वाटेच्या चुकीच्या बाजूला बसतात.

फोनवरचं तिकीट असेल तर फोन हातात घेऊ नका, माणसालाच धरू द्या. पडला, काच फुटली, तर जबाबदारी कुणाची हा वाद उभा राहतो. उन्हात स्क्रीन दिसत नसेल तर ब्राइटनेस पूर्ण वाढवायला सांगा आणि तुमच्या सावलीत धरायला सांगा. चार तिकिटं एकाच फोनवर असतील तर चारही सरकवून दाखवायला सांगा. सगळी एका ओळीत असतीलच असं नाही.

माणसाला जागेवर नेणं

उजेड असताना 'खाली सहावी ओळ, उजव्या हाताला' एवढं सांगून पुरतं. वयस्कर माणूस, लहान मूल कडेवर असलेली बाई, काठी किंवा कुबडी घेतलेलं कुणी आलं तर सोबत जा. आधार हवा का ते विचारा, आणि हवा असेल तर आपला दंड पुढे करा, त्यांना धरू द्या. न विचारता कुणाचा हात धरून ओढू नका. व्हीलचेअरलाही न विचारता हात लावायचा नाही.

अंधार पडल्यावर प्रत्येकाला न्यावं लागतं, आणि बॅटरी कशी धरायची हे इथेच शिकायचं असतं. हात खाली सोडा, बॅटरी मांडीच्या मागे धरा, प्रकाश मागच्या माणसाच्या पायांच्या एक पाऊल पुढे पडला पाहिजे. त्याला पुढची पायरी दिसते, तुम्हाला तुमची वाट स्टेजच्या उजेडात दिसतेच. चालताना पायरी आली की 'पायरी' आणि संपली की 'सपाट' एवढेच शब्द बोला. ओळीपाशी पोचल्यावर वाटेवरच थांबा, स्वतः ओळीत शिरू नका, आणि बॅटरीने खुर्च्यांच्या पाठी नाही, बसलेल्यांच्या पायांपुढची जमीन उजळा. म्हणजे आत जाणाऱ्याला कुणाचा पाय, कुणाची पिशवी दिसते आणि बसलेले आपोआप पाय आवरतात. प्रकाश एकदाही कुणाच्या डोळ्यांवर जाता कामा नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पुन्हा नीट दिसायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात तो माणूस उठला तर पडतो.

उशिरा आलेल्यांना गाणं चालू असताना मधल्या ओळीत घालू नका. ओळीच्या वर, वाटेच्या बाहेर उभं करा आणि गाणं संपून टाळ्या सुरू झाल्या की चला. टाळ्यांच्या वेळात एका अशरच्या हातून साधारण दोन गट बसतात. तिसरा गट पुढच्या टाळ्यांना.

एका खुर्चीवर दोघं

हे प्रत्येक कार्यक्रमात होतं. दहांतल्या नऊ वेळा खुर्ची दोनदा विकलेली नसते, दोघांपैकी एकाने काहीतरी चुकीचं वाचलेलं असतं. घाबरू नका आणि कोण खरं ते मनात ठरवून सुरुवात करू नका.

१. उभ्या असलेल्यांना आधी वाटेतून बाजूला घ्या. 'दोन मिनिटं इकडे या, मी बघतो.'

२. त्यांचं तिकीट आधी पूर्ण वाचा, त्याच क्रमाने : तारीख, ब्लॉक, ओळ, खुर्ची. चूक इथेच सापडली तर बसलेल्यांना त्रास द्यायची गरजच नाही.

३. चूक नसेल तर बसलेल्यांकडे जा. 'तुम्ही चुकीच्या जागी बसला आहात' असं म्हणू नका. 'जरा तिकीट बघू का, आकड्यांचा घोळ दिसतोय' म्हणा. आकड्यांना दोष दिला की माणूस चिडत नाही.

४. दोन्ही तिकिटं शब्दशः एकच निघाली तर निकाल देणं तुमचं काम नाही. बसलेल्यांना उठवू नका. उभ्या असलेल्यांना तिकीट खिडकीवर किंवा सुपरवायझरकडे स्वतः घेऊन जा, किंवा वॉकीटॉकीवर सुपरवायझरना बोलवा.

५. 'तोपर्यंत इथे पायरीवर बसा' असं कधीही म्हणू नका. दयाळूपणाने केलेली ही चूक सर्वांत जास्त नवे अशर करतात. एक जोडपं पायरीवर बसलं की पाच मिनिटांत आणखी सहा जण बसतात, आणि मग त्यांना उठवायला तुमच्याकडे तोंड उरत नाही.

रिकाम्या दिसणाऱ्या पुढच्या खुर्च्यांवर सरकून बसणारेही असतात. त्यांना लगेच, हसून परत पाठवा. अर्ध्या तासाने पाठवलं तर भांडण होतं.

उभ्याने बघायची जागा

खुर्च्या नसलेल्या भागात, म्हणजे स्टेजपुढच्या उभ्या जागेत किंवा मागच्या हिरवळीवर, काम वेगळं असतं. हिरवळीवर चादरी पसरून लोक बसतात, आणि अंधार पडेपर्यंत चादरींमधली चालायची वाट कुठे होती ते कुणालाच आठवत नाही. म्हणून गेट उघडल्यापासूनच वाटेच्या दोन्ही कडांनी चादरी मागे सरकवून घ्या. पहिल्या दहा चादरी सरळ रेषेत लागल्या की बाकीच्या आपोआप लागतात.

स्टेजपुढच्या गर्दीकडे मात्र गांभीर्याने बघा. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं उभी राहिली की हात हलवायला जागा उरत नाही. गर्दीचा अभ्यास करणारे जॉन फ्रुइन यांनी लिहून ठेवलं आहे की एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. एका टोकाला बसलेला धक्का लाटेसारखा पसरतो आणि मधल्या माणसाच्या पायात तो थोपवायची ताकद नसते. अशा गर्दीत माणसं बहुतेकदा तुडवून मरत नाहीत. छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही, म्हणून मरतात, कधीकधी उभ्या उभ्या. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये ५ नोव्हेंबर २०२१ रोजी अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड या संगीत महोत्सवात १० जण असेच गेले.

मागच्यांना पुढे काय चाललं आहे ते दिसत नाही, ही यातली मूळ अडचण. अमेरिकेतच सिनसिनाटीला ३ डिसेंबर १९७९ रोजी 'द हू' या बँडच्या कार्यक्रमाआधी बाहेर तिष्ठत असलेली गर्दी मोजक्याच उघडलेल्या दारांकडे लोटली आणि ११ जण दगावले. बहुतेकांच्या जागा ठरलेल्या नव्हत्या, त्यामुळे जो आधी आत जाईल त्याला पुढची जागा. मागून ढकलणाऱ्यांना पुढे लोक पडलेत हे माहीतच नव्हतं.

तुम्ही कडेला उभे असता, म्हणून तुम्हाला ते दिसू शकतं. स्टेजकडे पाठ करून गर्दीकडे बघायची सवय लावा. डोकी एकत्र डावी-उजवीकडे डोलताहेत पण तालात नाही. चेहरे स्टेजऐवजी वर आकाशाकडे वळलेत. हात छातीपुढे धरलेत. कुणी आडवं करून वरून बाहेर काढायला सांगतंय. काही चेहऱ्यांवर गाण्याचा आनंद अजिबात नाही. यांतलं काहीही दिसलं तर खात्री करून घेण्यात वेळ घालवू नका, लगेच कळवा. चुकीचं कळवल्याबद्दल चांगला सुपरवायझर कधी रागावत नाही. स्वतः मात्र गर्दीत शिरू नका आणि अंगाने ती अडवायचा प्रयत्न करू नका. कडेची वाट, कडेचं गेट मोकळं ठेवणं ही तुमच्याकडून होणारी सर्वांत मोठी मदत.

ऊन

उन्हात काम करताना दगावणाऱ्यांमध्ये कामाच्या पहिल्या काही दिवसांतले नवे लोक फार असतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तेव्हा पहिल्या शिफ्टला सावलीतली जागा मागायला लाजू नका, आणि अनुभवी सहकारी चार तास उन्हात उभा राहतो म्हणून तुम्हीही राहू नका.

पाणी तहान लागण्याआधी प्या. दर १५-२० मिनिटांनी साधारण एक पेलाभर, म्हणजे २००-२५० मिलिलिटर. एकदम लिटरभर ढोसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नका, कारण अती पाण्याने रक्तातलं मीठ उतरतं. घाम फार येत असेल तर सोबत काही खारट खा. सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी १५ मिनिटं आणि नंतर दर दोन तासांनी. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहून जाते.

प्रेक्षकांत कुणाला ऊन लागलंय हे ओळखता आलं पाहिजे. घाम फुटलेला, चेहरा पांढरट, चक्कर, मळमळ, पण नीट बोलतोय : सावलीत न्या, बसवा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी द्या, प्रथमोपचाराला कळवा. बोलण्यात गोंधळ, जीभ जड, स्वतःचं नाव किंवा आपण कुठे आहोत ते सांगता येत नाही, तोल जातोय, शुद्ध हरपतेय : हा उष्माघात समजा, घाम येत असला तरी. यात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असू शकतं आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. आधी मदत बोलवा, मग सावलीत घेऊन अंगावर मिळेल ते गार पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत धरा. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. डॉक्टर येईपर्यंत गार करणं थांबवू नका.

उभ्याने वाट पाहणारे सर्वाधिक पडतात ते गेट उघडण्याच्या आधीच्या रांगेत. दुपारपासून पुढची जागा धरून उभे, पाणी प्यायलं तर टॉयलेटला जावं लागेल आणि जागा जाईल म्हणून पाणी टाळलेलं. रांगेजवळ ड्यूटी लागली तर पाण्याची जागा मोठ्याने सांगत राहा.

आवाज

आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही साधारण मानली जाणारी सुरक्षित मर्यादा. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला फक्त १५ मिनिटं. स्पीकरजवळ १०० डेसिबल सहज असतात. प्रेक्षक एक संध्याकाळ येतो, तुम्ही उन्हाळाभर रोज येता. म्हणून इअरप्लग पहिल्या गाण्याआधी, साउंडचेकच्या, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासतात त्या वेळीच घाला.

फोमचा प्लग नीट घालणं ही शिकायची गोष्ट आहे. स्वच्छ बोटांनी वळून बारीक सुरळी करा, दुसरा हात डोक्यावरून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि बोटाने वीस-तीस सेकंद धरून ठेवा, तोवर तो फुगतो. समोरून आरशात बघताना प्लग बाहेर डोकावत असेल तर तो बसलेला नाही. प्लग घातल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, म्हणून माणूस नकळत हळू बोलतो. प्रेक्षकाशी बोलताना थोडं जोर लावून, कानाजवळ जाऊन, छोट्या वाक्यांत बोला. त्याच्यासाठी प्लग काढायचा नाही.

वीज आणि वारा

कार्यक्रम थांबवायचा निर्णय वरच्यांचा. पण ढग तुम्हालाही दिसतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंद किंवा कमी, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत, धोक्याच्या टप्प्यात. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं जाईपर्यंत परत उघड्यावर यायचं नाही. मध्येच एक गडगडाट झाला तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

लोक हमखास झाडाखाली, तंबूत, स्टेजच्या छताखाली नाहीतर लोखंडी कुंपणाला टेकून उभे राहतात. या सगळ्या जागा वाईट. पक्की इमारत किंवा पत्र्याचं बंद छत असलेली गाडी, एवढंच सुरक्षित. मैदानात फिरणारी उघडी छोटी गाडी, म्हणजे गोल्फकार्ट, चालत नाही.

वारा पावसाच्या आधी पोचतो हे अनेकांना माहीत नसतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या जत्रेत १३ ऑगस्ट २०११ रोजी जवळ येणाऱ्या वादळाच्या पुढे धावत आलेल्या झोताने स्टेजवरचं छत कोसळलं आणि ७ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा 'अजून थेंबही नाही' या भरवशावर राहू नका. धूळ उठली, झेंडे आणि पडदे एकदम फडफडू लागले की स्टेज, स्पीकरचे मनोरे आणि दिव्यांच्या खांबांजवळच्या लोकांवर लक्ष ठेवा आणि सूचनेची वाट बघत वाटा मोकळ्या करून ठेवा.

रिकामं करायची सूचना आली की पळू नका. तुम्ही पळालात की ब्लॉक पळतो. हात वर करून, तळवा उघडा ठेवून दिशा दाखवा आणि एकच वाक्य म्हणत राहा : 'या बाजूने, चालत, सामान नंतर.' लोक ज्या गेटने आले त्याच गेटकडे वळतात, जवळचं दार रिकामं असलं तरी. म्हणून तुम्ही त्या जवळच्या दाराच्या वाटेवर उभे राहा.

वॉकीटॉकी, हरवलेलं मूल, त्रास देणारा माणूस

बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि तो नेमका तुमच्या ब्लॉकचा असतो. क्रम असा : कुणाला बोलावताय, तुम्ही कोण, कुठे, काय, काय हवं. 'कंट्रोल, ब्लॉक चार. ओळ एफ, मधली वाट. बाई पडल्या, बोलत नाहीत. मेडिकल पाठवा.' कुणाचं नाव, आजार, मुलाचं वर्णन उघड्या चॅनलवर गरजेपेक्षा जास्त सांगू नका.

हरवलेलं मूल दिसलं तर सापडलं त्याच जागी, उजेडात, दुसऱ्या कुणा कर्मचाऱ्यासोबत थांबा. एकट्याने त्याला कुठे नेऊ नका. त्याचं नाव माईकवरून पुकारायला लावू नका, कारण ते ऐकून कुणीही नावाने हाक मारत येऊ शकतं. नेण्यासाठी आलेल्याला आधी मुलाचे कपडे आणि नाव विचारा, मग सुपरवायझर आल्यावरच ताबा.

दारू प्यायलेल्या किंवा भांडणाऱ्या माणसापासून दोन हात अंतर ठेवा, तिरपे उभे राहा, मागे जायला जागा ठेवा, हात लावू नका. सिक्युरिटी बोलवा आणि आजूबाजूच्यांना सरकवा. तुमची कुणी छेड काढली, अंगाला हात लावला, तर 'किरकोळ आहे' म्हणून सोडायचं नाही. ताबडतोब कळवा आणि ती जागा बदलून मागा. ती तुम्हाला मिळालीच पाहिजे.

शेवटचा तास

शेवटच्या गाण्याच्या आधीच आपल्या वाटेच्या तोंडाशी जा, दार पूर्ण उघडून अडकवा, त्याच्यासमोर कुणी फोटो काढत उभं असेल तर बाजूला करा. दिवे लागेपर्यंत उतारावर बॅटरी पायऱ्यांवर धरा. लोक वरून खाली, अंधारातून उजेडात येतात आणि शेवटच्या पायरीवर पडतात, कारण ती संपली असं त्यांना वाटतं. 'अजून एक पायरी' एवढं सांगायला तिथे उभे राहा.

ब्लॉक रिकामा झाल्यावर प्रत्येक ओळीतून एकदा चाला, खुर्च्यांखाली बॅटरी मारत. फोन, चष्मा, औषधाची डबी, लहान मुलाचा एक बूट हमखास सापडतो. कुठल्या ओळीत सापडलं ते चिठ्ठीवर लिहून लगेच जमा करा, खिशात ठेवू नका. एखादी बेवारस बॅग तुम्हाला खटकली तर हात न लावता कळवा.

वॉकीटॉकी चार्जरला लावा, पायरी किंवा खुर्ची मोडली असेल तर ती वहीतून सुपरवायझरना सांगा, सही करून वेळ लिहा. घरी नेणारं माणूस पोचलं का ते फोन करून विचारा आणि ते येईपर्यंत उजेडात, सहकाऱ्यांसोबत थांबा. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा सकाळी आवाज कापसातून आल्यासारखा वाटत असेल तर प्लग नीट बसला नव्हता. पुढच्या शिफ्टला तो दिवसाउजेडी घालून बघा आणि स्पीकरपासून लांबचा ब्लॉक मागा.